उत्तराआधीचे भय : ‘सॅनिटेरियम’ आणि मुक्तिबोधांची फँटसी

चित्रपटाला संहिता म्हणून स्वीकारण्यास तुलनात्मक साहित्याभ्यासाला फारसे जड गेले नाही. संगणकावरील खेळाविषयी मात्र अजूनही संकोच आढळतो. ड्रीमफोर्ज या अमेरिकन संस्थेने १९९८ साली सादर केलेला ‘सॅनिटेरियम’ हा पॉइंट-अँड-क्लिक प्रकारातील भयखेळ या संकोचाची परीक्षा पाहणारा आहे. अतिवास्तवाची विलक्षण ओढ आणि त्या ओढीचाच शेवटी झालेला भंग, या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र नांदतात.

खेळाचा नायक मॅक्स मोटारीच्या अपघातानंतर एका मनोरुग्णालयात जागा होतो. चेहरा पट्ट्यांनी गुंडाळलेला, स्मृती पुसलेली. तिथून तो एकामागून एक अशा जगांत फेकला जातो की ती एकमेकांशी कशी जोडलेली आहेत हे कळू नये. प्रौढ माणसे नाहीशी झालेले आणि विद्रूप मुलांनी व्यापलेले गाव हे त्यांतील सर्वांत समर्थ प्रकरण होय. ही मुले खेळतात, बोलतात, ‘आई’विषयी भीतियुक्त आदराने सांगतात, पण आपल्या देहाचे काय झाले आहे याचे त्यांना आश्चर्य वाटत नाही. भय राक्षसाच्या दर्शनातून येत नाही, ते या निर्विकारपणातून येते. पुढे सर्कशीच्या प्रकरणात मॅक्स हा मॅक्स राहत नाही. बालपणीच वारलेल्या सारा या धाकट्या बहिणीच्या देहातून त्याला वावरावे लागते. शोक करणाऱ्याने मृताच्या पावलांनी चालणे, ही कल्पना छापील कथेत सांगता येते. इथे ते चालणे खेळणाऱ्याच्या हाताला करावे लागते. या माध्यमाचे खरे सामर्थ्य ते हेच.

या सामर्थ्याचे मोजमाप करण्यासाठी युरोपीय अतिवास्तववादाकडेच जावे लागते असे नाही. रायपूरच्या समता कॉलोनी किंवा तिला लागूनच्या चौबे कॉलोनीतील मराठी वाचकाला त्याहून जवळचा मापदंड उपलब्ध आहे. रायपूरहून सुमारे सत्तर किलोमीटरवरील राजनांदगाव येथे गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन करीत होते. घर मराठी, लेखन हिंदी. धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीतील कवी. १९६४ साली, मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झालेल्या ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ या संग्रहातील ‘ब्रह्मराक्षस’ आणि ‘अंधेरे में’ या कवितांत भुताटकीची सारी सामग्री आहे : ओस पडलेली विहीर, खोल उतरत गेलेल्या पायऱ्या, अंग घासघासूनही न निघणारा मळ, मध्यरात्रीची मिरवणूक.

‘तीसरा क्षण’ या निबंधात मुक्तिबोधांनी कलानिर्मितीचे तीन क्षण कल्पिले आहेत. पहिला उत्कट जीवनानुभवाचा. दुसरा तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून फँटसीचे रूप घेण्याचा. तिसरा ती फँटसी शब्दबद्ध होऊ लागण्याचा, आणि या प्रक्रियेत ती स्वतःही बदलते. ही मांडणी ‘सॅनिटेरियम’ला लावली असता त्याचा दोष नेमका सापडतो. खेळ दुसऱ्या क्षणापासून सुरू होतो आणि तिसऱ्याकडे न जाता उलट पहिल्याकडे चालू लागतो. साराचा मृत्यू, मुलांच्या आजारावरील संशोधन, सहकारी डॉ. मॉर्गनचे कारस्थान असे एकेक कारण पुरविले जाते आणि ती सारी जगे बेशुद्ध माणसाच्या मनातील प्रतिमा ठरतात. विद्रूप मुले हे आजारी मुलांचे रूपक होते, एवढे कळल्यावर त्या गावात पुन्हा जाण्याचे कारण उरत नाही. शेवटही सुखाचा, आणि फार स्वस्तात मिळालेला.

हा दोष केवळ कथालेखकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्याचे मूळ प्रकारातच आहे. पॉइंट-अँड-क्लिक खेळात वस्तू उचलायची ती कुठेतरी वापरण्यासाठी. स्वप्नातील वस्तूला असा उपयोग नसतो. तिचे निरुपयोगी असणे हेच तिचे भय. इथे मात्र प्रत्येक विलक्षण वस्तू म्हणजे पुढच्या कुलपाची किल्ली, हे थोड्याच वेळात ध्यानात येते आणि भीतीची जागा हिशेब घेतो. माउसचे बटण दाबून धरून पात्राला कासवाच्या गतीने चालविण्याचा कंटाळा, कमीअधिक दर्जाचा वाचिक अभिनय, मधूनच घुसविलेले हातघाईचे प्रसंग हे दोष त्या मानाने किरकोळ आहेत. चार हातांच्या एकाक्ष ग्रिमवॉलचे प्रकरण मात्र किरकोळ म्हणून सोडता येत नाही; तिथे शोकाचा धागा बराच वेळ हातातून सुटतो.

दोन पुतळ्यांची तुलना या संदर्भात उपयुक्त ठरते. ‘सॅनिटेरियम’च्या आरंभी देवदूताचा पाषाणपुतळा सजीव होतो, पंखांनी मॅक्सला वेढतो आणि त्याला मुलांच्या गावात नेऊन सोडतो. तो दरवाजा आहे. त्याचे काम तिथे संपते. ‘अंधेरे में’ या कवितेत टिळकांच्या पुतळ्याच्या नाकातून रक्त वाहू लागते. त्यातून कुठलाही मार्ग उघडत नाही, कोणतेही कोडे सुटत नाही. मध्य प्रदेश शासनाने १९६२ साली मुक्तिबोधांच्या इतिहासविषयक पुस्तकावर घातलेली बंदी ठाऊक असलेल्या वाचकालाही ते रक्त त्या एका घटनेत जिरवता येत नाही. पाहणाऱ्याने त्याचे काय करावे, हे कविता सांगत नाही.