श्टोमेल्नचे सिनेगॉग : वास्तू आणि कलाकृती

कोलोनजवळच्या श्टोमेल्न या गावातील १८८२ सालचे सिनेगॉग १९३८ च्या ज्यूविरोधी विध्वंसातून वाचले, ते आदल्याच वर्षी एका शेतकऱ्याला विकले गेले होते म्हणून. प्रार्थनास्थळपण गमावणे हीच त्याच्या टिकण्याची अट ठरली. १९९१ पासून तेथे मांडल्या गेलेल्या समकालीन कलाकृतींचा विचार करताना ही अट नजरेआड करता येत नाही.

२००६ साली सांतियागो सिएरा यांनी सहा मोटारींचा धूर आत सोडला. प्रेक्षकांनी वायुरोधक मुखवटा चढवून एकेकाने आत जायचे. निषेध झाला, प्रयोग थांबला. निषेधाची भूमिका नैतिक होती. माझा आक्षेप निराळा आहे. ‘२४५ घनमीटर’ हे शीर्षकच वास्तूला निव्वळ आकारमान मानते. गॅस चेंबरचे रूपक बाहेरून आणून तिच्यात कोंबले जाते आणि तिची स्वतःची, विक्रीची नि विस्मरणाची, कथा पुसली जाते.

रिचर्ड सेरा यांची १९९२ मधील कृती म्हणजे पोलादाचे दोन काटकोनी ठोकळे, परस्परांना टेकलेले. शीर्षक प्रीमो लेवींच्या पुस्तकाचे : ‘बुडालेले आणि वाचलेले’. कोण कोणाला सावरते, हे ठरवता येत नाही. वाचलेल्या वास्तूत हा प्रश्न भिंतींनाही लागू होई. आज ती कृती कोलोनच्या कोलुम्बा संग्रहालयात, महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या चर्चच्या अवशेषांत आहे. तेथे ‘वाचलेले’ या पदाला पोलादाखेरीज आधार उरलेला नाही.