नकाशावरची ठळक रेघ

पश्चिम किनाऱ्याची भूरचना दाखवणाऱ्या अनेक नकाशांत किनाऱ्याला समांतर अशी एक अखंड रेघ असते. वसई-विरारसमोरच्या समुद्रातून जाणाऱ्या या रेघेला ‘पश्चिम किनारा प्रस्तरभंग’ म्हणतात. रेघ जरूर असावी; पण ती इतकी ठळक नसावी, असे आमचे म्हणणे आहे.

समुद्राखालचे थर आपल्याला प्रतिध्वनीवरून कळतात. जहाजामागे दाबलेली हवा एकदम पाण्यात सोडतात. त्या धक्क्याच्या लहरी तळाखालच्या थरांवरून परततात आणि ओढत नेलेल्या लांब केबलमधील हायड्रोफोन त्या टिपतात. पद्धत भरवशाची आहे. ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजावरून 1964 ते 1967 दरम्यान झालेल्या सर्वेक्षणात मुंबईच्या पश्चिमेस थरांचा उंचवटा आढळला. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने तेथे विहीर खोदली आणि तेल लागले. ‘मुंबई हाय’ ते हेच.

मात्र यंत्र अंतर नोंदवत नाही, वेळ नोंदवते. प्रतिध्वनी 2 सेकंदांनी आला आणि सारा मार्ग पाण्याचा असला, तर थर दीड किलोमीटरवर असतो. बेसॉल्टचा असला, तर सुमारे 5 किलोमीटरवर. शिवाय बेसॉल्टमध्ये लहरी विखुरतात, त्यामुळे त्याखालचे भूकवच अंधूक दिसते. जहाजाचे मार्गही एकमेकांपासून दूर असतात. प्रत्येक मार्गावर दिसलेला तुटकपणा पुढच्या मार्गावरील तुटकपणाशी जोडतो तो अभ्यासक. जमिनीवरही असेच आहे. घाटावर जवळजवळ आडवे असलेले लाव्हाचे थर पनवेलच्या पट्ट्यात पश्चिमेकडे कललेले आहेत. त्यामागे प्रस्तरभंग आहे, की थर नुसते वाकले आहेत, यावर भूवैज्ञानिकांत मतभेद आहेत.

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली. तेव्हा वसईतल्या विद्यार्थ्याने या रेघेवर बोट ठेवून भीती व्यक्त केली, तर नवल नाही. त्याला दोन गोष्टी सांगाव्यात. ते धक्के जमिनीवरच्या भागातले होते. आणि प्रस्तरभंग असला म्हणजे तो आज हलतोच असे नाही. त्यावरचे नवे थर अखंड असतील, तर ते साचण्यापूर्वीच हालचाल थांबली असे समजतात.

म्हणून नकाशा छापणाऱ्यांना आमची सूचना अशी : पुरावा मिळालेल्या ठिकाणी रेघ सलग काढावी, अनुमानाच्या ठिकाणी तुटक. तोपर्यंत शिक्षकांनी फळ्यावर ती तुटकच काढावी आणि कारणही सांगावे.