बाळंतपणाचा खाडा

दलित साहित्यातील आई या विषयावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. महाविद्यालयात मराठी शिकविताना मी या विषयावरील निबंधांचे गठ्ठे तपासले आहेत. त्यांत एक चित्र हमखास येते. आई रानात खुरपायला जाते, बांधाच्या आडोशाला बाळंत होते, विळ्याने नाळ कापते, लेकरू पदराला बांधते आणि दिवस मावळताना डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन घरी येते. पुढे उद्गारचिन्ह! जयंतीच्या विशेषांकांतील कवितांतही हेच, वक्तृत्व स्पर्धेतही हेच. समीक्षक 'दुर्दम्य जीवनेच्छा' असे दोन शब्द लिहून मोकळे होतात.

माझा आक्षेप या उद्गारचिन्हाला आहे.

चित्र खोटे नाही. आपल्या कित्येकांच्या आज्या अशाच बाळंत झाल्या. पण ती बाई त्याच दिवशी का उठली, हा प्रश्न आपण विचारीत नाही. तिच्या अंगात बळ होते म्हणून ती उठली नाही. न उठती तर त्या दिवसाची मजुरी बुडाली असती म्हणून ती उठली. आपण ज्याला तिचे शौर्य म्हणतो त्यालाच जमीनदार 'ह्यांच्या बायका काटक असतात, ह्यांना काही होत नाही' असे म्हणत आला. मध्यमवर्गीय मराठी लेखकाने आपली आई देव्हाऱ्यात बसविली, आपण आपली बांधावर उभी केली. दोन्हीकडे तिला विश्रांती नाहीच.

याबाबत बाबासाहेबांची दृष्टी कशी होती हे पाहण्यासारखे आहे. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूति-लाभ विधेयकावर ते बोलले. आईच्या सहनशक्तीचे गुणगान त्यांनी केले नाही. बाळंतपणापूर्वी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी मांडले आणि लगेच खर्चाच्या प्रश्नाला हात घातला. मुख्य भार सरकारने उचलावयास हवा, हे त्यांनी मान्य केले. पण मालकालाही त्यांनी सोडले नाही. पुरुषापेक्षा बाई कामाला लावण्यात मालकाचा अधिक नफा असतो म्हणूनच तो तिला लावतो, मग तिच्या बाळंतपणाचा काही भार त्याने का सोसू नये? १९२९ साली मुंबई इलाख्याचा कायदा झाला. पुढे मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, खाणींतील स्त्रियांच्या प्रसूति-लाभाच्या कायद्यातील संदिग्धता दूर करणारे विधेयकही त्यांनीच मांडले. वेदनेकडे पाहून 'पैसे कोण देणार?' असे विचारणे आपल्या समीक्षेला रुक्ष वाटते. मला तीच खरी समीक्षा वाटते.

आपल्या स्त्रिया मात्र हे आधीपासून जाणून होत्या. नागपूरला जुलै १९४२ मध्ये भरलेल्या दलित महिला परिषदेने गिरण्या, विड्यांचे कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे येथे राबणाऱ्या बायकांसाठी रजा, नुकसानभरपाई आणि निवृत्तिवेतन मागितले होते. आणि बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) उघडून पाहावे. तिथे बाळंतीण दुर्दम्य वगैरे नाही. ती उपाशी आहे, तिच्या अंगावर धड कपडा नाही, सुइणींच्या हातांनी ती हैराण झाली आहे, आणि पुष्कळदा ती मरते. बेबीताईंनी उद्गारचिन्ह टाळले म्हणून ते प्रकरण वाचवत नाही. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) आपली स्त्री सरकारी कचेरीत पोचलेली आहे, आणि नोकरी, घर, मुले, लेखन यांची ओढाताण तिथे कौतुकाची अपेक्षा न करता येते. या दोन पुस्तकांवर आपण शोषण आणि पितृसत्ता यांविषयी बोललो. त्यातला श्रमाचा हिशेब तितका काढला नाही.

आता कायद्याकडे. १९६१ च्या प्रसूति-लाभ अधिनियमाने १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे झाली. कामावर परतलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दूध पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुट्टी, पन्नास वा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघर, गरोदरपणामुळे कामावरून काढण्यास मनाई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे सारे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहे. कागद उत्तम आहे. मी स्वतः दोन्ही बाळंतपणांत भरपगारी रजा घेतली आणि परतले तेव्हा माझी खुर्ची जागेवर होती. आमच्या जिन्याची झाडलोट करणारी बाई त्याच सुमारास बाळंत झाली. ती ठेकेदाराची. तीन महिन्यांनी परतली तेव्हा तिचा झाडू दुसरीच्या हातात होता. तिला कोणी 'काढले' नव्हते, फक्त नव्या यादीत नाव नव्हते.

म्हणजे खरा प्रश्न यादीचा आहे. मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेले असावे, अशी कायद्याची अट. पण ते दिवस कोणाच्या वहीत लिहिलेले असतात? दिल्ली महानगरपालिकेत रोजंदारीवर राबणाऱ्या बायकांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००० मध्ये निकाल दिला, कायम नोकरी नसली तरी हा लाभ मिळालाच पाहिजे असे सांगितले. फार मोलाचा निकाल. तरी त्या बायकांची नावे निदान मस्टरवर होती.

ऊसतोडीत तेही नाही. बीडहून आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दलित, भटके-विमुक्त, वंजारी, बंजारा अशी कुटुंबे दरसाल पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल त्या कोयत्याला मिळते, घेतो नवरा. बाई ऊस साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, आणि हिशेबात ती अर्ध्या कोयत्याहून अधिक काही नसते. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून वळते. बाळंतपण म्हणजे लांबलेला खाडा. तान्हे मूल फडाच्या कडेला झोळीत, दूध पाजायचे ते मुकादमाची नजर चुकवून. कायद्यातल्या त्या दोन सुट्ट्या इथे कुणाकडे मागायच्या? कारखाना म्हणतो मजूर मुकादमाचा, मुकादम म्हणतो मी केवळ माणसे आणतो.

पाळीच्या दिवसांचाही खाडा पडतो. यातून जे झाले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सरकारी समितीने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. गावात याला 'पिशवी काढली' म्हणतात, इतके साधे. यात डॉक्टरांचा लोभ आहे, चुकीची भीती घालणे आहे, हे खरे. पण खाडा नको ही मजुरीची सक्तीही आहे. बांधावर बाळंत होऊन भारा उचलणाऱ्या आईचीच ही पुढची पायरी आहे, आणि हिच्यावर वक्तृत्व स्पर्धा होत नाही.

चळवळीतल्या मित्रांना हे साहित्याबाहेरचे वाटेल. वाटो. कोयत्याच्या करारावर दोन नावे लिहिली जावीत, बाईची मजुरी बाईच्या हाती पडावी आणि बाळंतपणातल्या बुडालेल्या मजुरीचा भार सरकार व साखर कारखाना यांनी मिळून उचलावा, ही मागणी १९२८ च्या त्या भाषणातूनच निघते. सगळा खर्च एकट्या मालकावर टाकला की तो बायका कमी घेतो, ठेकेदार मधे घालतो, हे २६ आठवड्यांच्या कायद्याने दाखविलेच आहे. या वर्षी निबंधाचा विषय मी बदलला आहे. 'दलित कवितेतील आई' ऐवजी मुलांना मी 'माझ्या आईच्या बाळंतपणात घर कोणाच्या मजुरीवर चालले' असे लिहायला सांगितले. निम्म्या मुलांनी घरी जाऊन विचारून येतो म्हणून मुदत मागितली. एका मुलीने दुसऱ्याच दिवशी दीड पान आणून दिले. त्यात मुकादमाकडे फेडायचे राहिलेले रुपये होते, आणि ते कोणत्या हंगामात फिटले तेही होते.