मनोहर माळगावकर आणि थरारकादंबरीची घडण

रहस्यकथा आणि थरारकथा हे प्रकार मराठीत विपुल लिहिले गेले आणि त्याहून अधिक वाचले गेले, तरी त्यांच्या घडणीचा विचार मराठी समीक्षेने मनापासून केला नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी आणि दारा बुलंद यांनी वाचनालयांचे वर्गणीदार पिढ्यान्‌पिढ्या टिकवून धरले. परंतु या लेखनाची चर्चा पुस्तकांच्या संख्येपाशी आणि लोकप्रियतेपाशीच थांबत आली. थरारकादंबरी कशावर उभी राहते आणि कशामुळे कोसळते, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असेल, तर बेळगाव-धारवाडच्या मातीत वाढलेल्या आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या मनोहर माळगावकर (१९१३-२०१०) यांच्या कारकिर्दीइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल.

माळगावकरांचे घर लोंढा-दांडेलीच्या जंगलपट्ट्यातील जगलबेट येथे होते आणि त्यांचे उच्च शिक्षण धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयात झाले. त्या काळी धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात असल्यामुळे तेथील पदवी मुंबई विद्यापीठाची असे, आणि मराठी, कन्नड व इंग्रजी या तिन्ही भाषा तेथील सुशिक्षितांच्या रोजच्या व्यवहारात असत. पुढे त्यांनी मोठ्या जनावरांच्या शिकारीचा व्यवसाय केला, मराठा लाइट इन्फन्ट्रीत लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत मजल मारली, खाणी चालवल्या आणि शेतीही केली. त्यांचे पहिले पुस्तक, मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे चरित्र, १९५९ मध्ये, म्हणजे वयाच्या शेहेचाळिशीत प्रसिद्ध झाले, पु. ल. देशपांडे यांनी त्याचा मराठी अनुवाद केला. लेखणी हाती धरण्यापूर्वीचा हा दीर्घ कार्यानुभव त्यांच्या कादंबऱ्यांचे खरे भांडवल ठरला.

येथे दोन संज्ञांमधील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. रहस्यकथेत मुख्य घटना, बहुधा खून, आधीच घडून गेलेली असते आणि वाचक तिचा उलगडा होण्याची वाट पाहतो. थरारकथेत संकट समोरून येत असते आणि ते टळेल की कोसळेल, ही उत्कंठा वाचकाला पुढे नेते. साहजिकच थरारकथेची भिस्त कोड्यापेक्षा परिस्थितीच्या खरेपणावर अधिक असते. १९६० च्या ‘डिस्टंट ड्रम’मध्ये लष्करी अधिकारी किरण गरुड काश्मीरच्या युद्धबंदी रेषेवर पाकिस्तानी सैन्यात गेलेल्या आपल्या जुन्या मित्राला भेटतो, तेव्हा गोळीबाराचा एकही प्रसंग नसताना ताण निर्माण होतो, कारण रेजिमेंटची शिस्त आणि मैत्रीचा शब्द यांतील कोणते बंधन मोठे, हा पेच लेखकाने सैन्याच्या आतून ओळखलेला असतो.

हेच सामर्थ्य ‘कॉम्बॅट ऑफ शॅडोज’ (१९६२) या आसामच्या चहामळ्यातील कादंबरीत अधिक गडद रूपात दिसते. मळ्याचा इंग्रज व्यवस्थापक हेन्री विंटन पत्नीच्या प्रियकराला पिसाळलेल्या हत्तीच्या शिकारीवर पाठवतो आणि त्याच्याजवळची काडतुसे निकामी असल्याचे ठाऊक असूनही गप्प बसतो. विष नाही, सुरा नाही, मारेकरी नाही; चाप ओढल्यावर बार उडणार नाही एवढीच माहिती मनाशी ठेवणे, हाच येथे खून आहे. बंदूक आणि जनावर यांच्यामधल्या त्या एका क्षणात शिकाऱ्याचे प्राण कशावर अवलंबून असतात, हे स्वतः शिकार केलेल्या लेखकालाच इतक्या थोडक्यात सांगता आले.

पुढील दोन कादंबऱ्यांत या तंत्राला इतिहासाची व्याप्ती लाभली. ‘द प्रिन्सेस’ (१९६३) ही बेगवाड या काल्पनिक संस्थानाच्या विलीनीकरणाची कथा युवराजाच्या तोंडून सांगते, तर ‘अ बेंड इन द गँजेस’ (१९६४) क्रांतिकारकांचे गुप्त गट, अंदमानचा तुरुंग, १९४४ चा मुंबई गोदीतील स्फोट आणि फाळणीचा हिंसाचार यांना एका कथासूत्रात गुंफते. शेवट वाचकाला इतिहासातून ठाऊक असतो. उत्कंठा उरते ती माणसे त्या प्रसंगी कशी वागतील याची.

१९७० नंतरच्या ‘स्पाय इन अंबर’, ‘ओपन सीझन’, ‘बँडिकूट रन’ या कादंबऱ्यांत मात्र कथानकाचा वेग वाढला आणि पात्रांची खोली उणावली. ‘शालिमार’ तर १९७८ च्या त्याच नावाच्या चित्रपटाच्या कथेवरच बेतलेली आहे. पटकथेत पडद्यावरचा नट जे भरून काढतो, ते कादंबरीत शब्दांनाच करावे लागते, आणि या पुस्तकांत ते पुरेसे होत नाही. त्यांच्या एकूण लेखनाची आणखी एक मर्यादा अशी, की अधिकारी, संस्थानिक आणि मळेवाले यांच्या दृष्टीतून दिसणारे जग जितके ठसठशीत आहे, तितक्या त्यांच्या स्त्री-व्यक्तिरेखा आणि कनिष्ठ वर्गातील माणसे भरीव नाहीत.

तरीही याच काळात, १९७८ मध्ये, ‘द मेन हू किल्ड गांधी’ हे त्यांचे सर्वाधिक परिणामकारक पुस्तक आले. गांधीहत्येच्या कटातील हयात व्यक्तींच्या मुलाखती आणि त्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगासमोर आलेली माहिती यांवर आधारलेल्या या कथनात कल्पित काही नाही, पण रचना थरारकथेची आहे. २० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनात स्फोट होतो, कटातील मदनलाल पाहवा जागीच पकडला जातो, त्याच्या जबानीत पुण्याच्या एका मराठी वृत्तपत्राच्या संपादकाकडे बोट दाखवले जाते, आणि दिल्ली व मुंबईचे पोलीस तो धागा वेळेत जुळवू शकत नाहीत. दहा दिवसांनी गोळ्या झाडल्या जातात. हत्या होणार हे पहिल्या पानापासून माहीत असूनही वाचक या दहा दिवसांत जिवाच्या आकांताने ती टळण्याची आशा धरतो, आणि चौकशीतील प्रत्येक दिरंगाईचा जाब त्याच्या मनात आपोआप उभा राहतो.

मराठी थरारकथेला वेगाची, धाडसी नायकांची किंवा वाचकांची उणीव कधीच नव्हती. उणीव होती ती विशिष्ट संस्थांच्या आतल्या ज्ञानाची. पोलीस ठाणे, सहकारी बँक, साखर कारखाना, बंदर, न्यायालय ही स्थळे मराठी समाजाच्या रोजच्या जगण्यातील आहेत, पण तेथील कामाची रीत, अधिकारांची उतरंड आणि तिच्या फटी जाणून लिहिलेली थरारकादंबरी दुर्मीळ आहे. माळगावकरांची उत्तम पुस्तके आणि त्यांची फिकी पुस्तके एकत्र वाचली, तर उत्कंठा ही कथानकाच्या युक्तीतून नव्हे, तर खऱ्या व्यवस्थेत अडकलेल्या माणसाच्या निवडीतून जन्मते, हे स्पष्ट होते. समीक्षेने हा निकष हाती घेतला, तर मराठीतील चांगली थरारकथा ओळखणे सोपे होईल, आणि ती लिहू पाहणाऱ्याला विक्रीच्या आकड्यांपलीकडचा एक मानदंड मिळेल.