बुरखा आणि पाश्चात्त्य दृष्टी : गोमंतकातून पाहताना

17 ऑक्टोबर 2025 रोजी पोर्तुगालच्या संसदेने एका विधेयकाला प्राथमिक मंजुरी दिली. धार्मिक वा लिंगविषयक कारणांसाठी सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास बंदी आणि 200 ते 4000 युरोपर्यंत दंड, असे त्याचे स्वरूप होते. 'शेगा' या अतिउजव्या पक्षाने ते मांडले होते. विमाने, दूतावास आणि प्रार्थनास्थळे त्यातून वगळलेली होती. म्हणजे बुरखा घातलेल्या स्त्रीने विमानात बसावे, नमाज पढावी, फक्त लिस्बनच्या रस्त्यावर येऊ नये.

पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावर जानेवारी 2023 पासून विमाने उतरू लागली. तेथून युरोप काही तासांवर आहे, पण गोमंतकाचे पोर्तुगालशी नाते त्याहून जुने आणि जवळचे आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते, आणि हा हक्क धर्म पाहून दिलेला नाही. त्यामुळे 'पाश्चात्त्य लोक बुरख्याकडे कसे पाहतात' हा प्रश्न येथील अध्यापकाला केवळ वृत्तपत्रातला राहत नाही. शिवाय 'पाश्चात्त्य' म्हटले की आपल्याकडे इंग्लंड-फ्रान्स एवढेच डोळ्यांपुढे येते. गोमंतकावर सुमारे साडेचारशे वर्षे ज्यांचे राज्य होते, त्यांच्या इतिहासातून ही दृष्टी तपासली तर चित्र बरेच वेगळे दिसते.

यान वान लिन्स्खोतेन हा डच गृहस्थ 1583 मध्ये गोव्यात आला आणि सुमारे पाच वर्षे आर्चबिशपच्या पदरी होता. त्याचा प्रवासग्रंथ 1596 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने नोंदवले आहे की गोव्यातील पोर्तुगीज, मिश्रवंशीय आणि ख्रिस्ती स्त्रिया घराबाहेर फारशा दिसत नाहीत. चर्चला किंवा भेटीगाठींना निघाल्याच तर झाकलेल्या पालखीतून, कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीत अशा बेताने जातात. हे वर्णन मुस्लीम जनानखान्याचे नव्हे, युरोपातून आलेल्या राज्यकर्त्यांच्या घरांचे आहे. पुढे गोव्यातील ख्रिस्ती स्त्रिया 'ओल' नावाचे पांढरे वस्त्र डोक्यावरून घेऊन चर्चला जात, हेही येथील वाचकांना ठाऊक आहेच.

खुद्द पोर्तुगालमध्ये याहून बोलके उदाहरण सापडते. दक्षिणेकडील आल्गार्व प्रांतात, विशेषतः ओल्याँव या मच्छीमारांच्या गावी, स्त्रिया 'बियोको' घालीत. काळ्या कापडाचा पायघोळ झगा आणि डोक्यावरून पुढे ओढलेले त्याचे तोंड. आतला चेहरा कोणाचा हे ओळखू येत नसे. या स्त्रिया कॅथलिक होत्या. 1892 मध्ये फारो जिल्ह्याच्या राज्यपालाने पोलीस नियमावली काढून बियोकोवर बंदी घातली. त्याचे मूळ सांगताना 'हा मूर लोकांचा वारसा' असा खुलासा पुष्कळदा केला जातो. खुलासा खरा की खोटा यावर मतभेद आहेत. पण झाकलेला चेहरा आपलाच असला तरी त्याचे पितृत्व मुसलमानाकडे द्यावयाचे, ही खोड त्यातून स्पष्ट होते.

याच राज्यकर्त्यांनी गोव्यात वस्त्राच्या बाबतीत काय केले? 1736 च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांच्या अनेक जुन्या चालीरीतींवर बंदी आली. स्त्रियांची हिंदू पद्धतीची चोळी आणि पुरुषांचे पुडवेही त्यातून सुटले नाही. पेडणे त्या वेळी सावंतवाडीकरांकडे होते, 1788 मध्ये पोर्तुगिजांकडे आले, म्हणून ते या फर्मानाच्या कक्षेबाहेर राहिले. एका ठिकाणी पालखीचा पडदा प्रतिष्ठेचा, दुसऱ्या ठिकाणी बियोको गुन्ह्याचा, तिसऱ्या ठिकाणी चोळी पाखंडाची. कापड बदलते, हुकूम बदलतो. आतल्या स्त्रीला कोणी विचारल्याची नोंद मात्र कोठेच नाही.

इंग्रजी आणि फ्रेंच साम्राज्यांची कथा लैला अहमद यांच्या 1992 च्या ग्रंथामुळे अभ्यासकांना परिचित झाली आहे. 1883 ते 1907 या काळात इजिप्तचा कारभार पाहणाऱ्या लॉर्ड क्रोमरने परदा हा त्या देशाच्या प्रगतीतील अडसर मानला. त्याच क्रोमरने इजिप्तमध्ये मुलींच्या शिक्षणावर हात आखडता घेतला आणि मायदेशी परतल्यावर स्त्रियांच्या मताधिकाराला विरोध करणाऱ्या संघटनेचे अध्यक्षपद भूषविले. मे 1958 मध्ये अल्जिअर्समध्ये फ्रेंच अंमलाखाली स्त्रियांचे बुरखे जाहीर समारंभात उतरवण्यात आले. फ्रान्सचे 2004 आणि 2010 चे कायदे याच वाटेवरचे होत. 2020 च्या साथीत तेथे मुखपट्टी सक्तीची झाली, तेव्हाही 2010 चा कायदा जागेवरच होता. एवढे सांगितले तरी पुरे.

आता थोडे आपल्या भाषेकडे वळू. मराठीत 'बुरखा' हा शब्द ढोंगासाठी वापरला जातो. 'बुरखा फाडला' हा मथळा भ्रष्टाचाराच्या बातमीवर सहज बसतो. 'पदर' मात्र मर्यादेचा, मायेचा. उलट उर्दूत 'पर्दा रखना' म्हणजे एखाद्याची अब्रू राखणे आणि 'पर्दापोशी' हा सद्गुण. मराठीतील जुना शब्द 'गोषा'. तो फारसी 'गोशा'वरून, म्हणजे कोपऱ्यावरून आला आणि मराठा सरदारघराण्यांतील स्त्रियांसाठीही निःसंकोच वापरला गेला. गोषातील राणीसाहेबांविषयी लिहिताना मराठी लेखणी आदबशीर होते आणि बुरख्यातील विद्यार्थिनीविषयी लिहिताना तीच लेखणी कीव करू लागते. ही कीव पश्चिमेकडून आयात झाली, असे म्हणणे सोयीचे असले तरी पूर्ण खरे नाही. तिच्यासाठी जमीन आपल्या भाषेत आधीच नांगरलेली होती.

दोष एकाच बाजूचा नाही. पाश्चात्त्य टीकेला उत्तर म्हणून मुस्लीम नियतकालिकांतून जे लिहिले जाते, त्यातही बुरखा हा समाजाचा ध्वज होतो आणि तो वाहणारी स्त्री ध्वजाची काठी. 'आमच्या स्त्रिया यातच सुखी आहेत' हे वाक्य बहुधा पुरुष लिहितो. हमीद दलवाई यांच्याशी कोणाचे कितीही मतभेद असोत, त्यांची टीका कोकणातील मिरजोळीत वाढलेल्या माणसाची, घरातून केलेली होती. क्रोमरच्या माळेत त्यांना ओवणे हा प्रश्न टाळण्याचा मार्ग आहे.

घरातून, आणि स्त्रीने लिहिलेले असे काही आहे काय? आहे, आणि तेही कोकणाशी जोडलेले. अतिया फैजी या जंजिऱ्याच्या नवाबांच्या बेगम नाझली यांच्या भगिनी. 1906 मध्ये त्या लंडनच्या मारिया ग्रे अध्यापन महाविद्यालयात शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी गेल्या. त्यांची उर्दू रोजनिशी लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या पत्रात येत गेली आणि 1921 मध्ये 'जमाना-ए-तहसील' या नावाने पुस्तकरूप झाली. चेहरा उघडा, डोके झाकलेले, पोशाख स्वतःच्या पसंतीचा. येथे पाहणारी मुस्लीम स्त्री आहे आणि जिच्याकडे पाहिले जाते ती लंडन नगरी: तिची महाविद्यालये, बागा, मेजवान्या, माणसे. परद्याची बाजू मांडण्यासाठी किंवा त्याविरुद्ध लिहिण्यासाठी त्या गेल्या नव्हत्या. शिकायला गेल्या होत्या. परद्यावरील चर्चेत या पुस्तकाचे नाव क्वचितच निघते, कारण ते कोणत्याच पक्षाच्या कामाचे नाही.

शिकणे हीच गोष्ट 2024 मध्ये मुंबईत पणाला लागली. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी यांवर बंदी घातली, तेव्हा नऊ विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. 26 जून 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. 9 ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब आणि टोपीवरील बंदीला अंतरिम स्थगिती दिली, वर्गात बुरख्याला मात्र परवानगी दिली नाही. टिळा आणि टिकलीवरही बंदी घालणार काय, असे महाविद्यालयाला विचारले. बंदीच्या समर्थनार्थ गणवेश, शिस्त आणि मुलींची प्रगती ही कारणे पुढे करण्यात आली. फारोच्या राज्यपालाला आणि क्रोमरला ही भाषा परकी वाटली नसती. फरक एवढाच की या वेळी नऊ जणी स्वतः बोलल्या.

महाविद्यालयात स्त्रीविषयक लेखन शिकवताना परद्यावर परिच्छेद निवडायचा झाल्यास तो बहुधा बाहेरच्या निरीक्षकाचा असतो. ज्या वर्गात उर्दू वाचणाऱ्या दोन-चार मुली आहेत, तेथे 'जमाना-ए-तहसील'मधील एखाद्या दिवसाची नोंद त्यांच्याकडूनच मराठीत करून घेता येईल. 'पर्दा'साठी त्या 'बुरखा' लिहितात, 'गोषा' लिहितात की 'पदर', हे अध्यापकाने आधी सांगू नये.