सोनेरी भेकाची एका ओळीत उरकलेली गोष्ट

कोस्टारिकातील माँतेव्हेर्दे येथे, सदैव धुक्याने ओल्या असणाऱ्या डोंगरी जंगलात सोनेरी भेक राहत असे. पर्यावरणावरील अनेक लेखांत तो भेटतो. झळझळीत नारिंगी नराचे चित्र आणि खाली ओळ : ‘जागतिक तापमानवाढीचा पहिला बळी’. ही ओळ मुलांच्या लक्षात राहते, पण विज्ञान शिकवायला ती आम्हाला अपुरी वाटते.

आधी नोंदी पाहू. हा प्राणी वर्षातील बहुतेक काळ जमिनीखाली काढी आणि फक्त काही आठवडे वर येऊन लहान डबक्यांत अंडी घाली. १९८७ मध्ये मार्था क्रंप यांना दीड हजारांहून अधिक भेक दिसले. मात्र डबकी आटली आणि ४३,५०० अंड्यांमधून जेमतेम २९ बेडूकमासे वाचले. १९८८ मध्ये दहा-अकरा भेक दिसले, तर १९८९ मध्ये एकच नर. त्यानंतर एकही नाही.

असे का झाले? पाउंड्स व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडले की, समुद्र तापल्याने ढग अधिक उंचीवर बनू लागले व धुक्याविना जाणारे दिवस वाढले. याउलट अँचुकायटिस व इव्हान्स यांनी झाडांच्या लाकडातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून सुमारे शतकभराचा ओलावा तपासला. २०१० च्या त्यांच्या निबंधानुसार १९८६-८७ चा तीव्र कोरडेपणा एल निन्योमुळे होता. दीर्घकाळ वाढत गेलेला कोरडेपणा आढळला नाही. तिसरा संशयित म्हणजे बेडकांच्या कातडीला ग्रासणारी कायट्रिड बुरशी. आटत्या डबक्यांत दाटी झाली, की रोग पसरणे सोपे.

म्हणजे तापमानवाढ खोटी का? मुळीच नाही. तापमानाच्या नोंदी, वितळत्या हिमनद्या, चढती समुद्रपातळी हे तिचे पुरावे भक्कम आहेत. ते एका भेकाच्या पाठीवर उभे नाहीत. पण ती एकच ओळ पाठ केलेल्या विद्यार्थ्याला उद्या २०१० चा निबंध कळला, तर त्याचा विश्वास या सगळ्यावरूनच उडण्याचा धोका आहे.

म्हणून आमचे सुचवणे असे : निष्कर्ष सांगण्याआधी वरील नोंदी फळ्यावर लिहाव्यात आणि वर्गाला विचारावे, कोरडी वर्षे तर पूर्वीही आली असतील, मग भेक याच वेळी का संपले? कोणता पुरावा मिळाला, तर तीनपैकी एखादे कारण बाद करता येईल?