सॅक्सोफोनचे उंच सूर

सॅक्सोफोन हे उथळ वाद्य आहे, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतून बराच रूढ आहे. हॉटेलातील नाच, चित्रपटातील मद्यगृह आणि लग्नाच्या वरातीतील बँड या तीन ठिकाणी ज्याचा परिचय व्हावयाचा, त्यास यापेक्षा बरा लौकिक कोठून मिळणार? आम्हीही त्याच मताचे होतो. परंतु नेरूळ येथे आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा एक तरुण गेली दोन वर्षे या वाद्याची उपासना करीत आहे. त्याची धडपड रोज कानांवर पडत गेल्याने वाद्याविषयीचे आमचे मत पालटले; वादकाविषयी मात्र काळजी वाटू लागली. कारण त्यास ध्यास लागला आहे तो उंच सुरांचा.

या ध्यासाची मीमांसा करावयाची तर वाद्याची घडण ध्यानी घेतली पाहिजे. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्स याने १८४६ साली पॅरिस येथे या वाद्याचे हक्क नोंदविले. अंग पितळेचे, पण नाद बोरूच्या पत्तीचा. नळी शंकूप्रमाणे रुंदावत जाणारी. चाव्यांच्या बळावर सुमारे अडीच सप्तके मिळतात. त्यापलीकडचे सूर नुसत्या चाव्यांनी निघत नाहीत. कोणत्याही खालच्या सुराच्या पोटात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर दडलेले असतात. तंबोरा नीट जुळला म्हणजे कोणी न छेडलेला गांधार आपणांस ऐकू येतो, तो याच कुळातला. जीभ व घसा यांची ठेवण बदलून यांपैकी हवा तो उपस्वर वेचून काढणे, हे उंच सुरांचे सारे रहस्य होय. सिगुर्ड राशर या वादकाने १९४१ साली या विषयावर पुस्तक काढले, त्यातील साधनाही तशीच आहे: बोटे सर्वांत खालच्या सुरावर स्थिर ठेवावी, आणि त्याच ठेवणीतून वरचे सूर एकामागून एक काढावे. पुढे २००८ साली ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजमाप करून दाखविले की, अनुभवी वादक अशा वेळी आपल्या घशातोंडाच्या पोकळीचा नाद त्या सुराशी जुळवून घेतो. नवशिक्यास ते साधत नाही. म्हणजे वरच्या दाराची चावी वाद्यावर नसून गळ्यात आहे. आमचा शेजारी ती ओठांत शोधतो. तो पत्ती करकचून आवळतो, सूर चढतोही, पण किंचाळत चढतो.

आता आपल्या संगीताशी या वाद्याचे नाते कोणते? पेटीवर आपल्या जाणकारांचा जुना आक्षेप असा की, तिचा सूर जागचा हलत नाही. तीत मींड नाही. या आक्षेपापायी १९४० साली नभोवाणीने पेटीस दार बंद केले, ते १९७१ पर्यंत उघडले नाही. सॅक्सोफोनलाही चाव्याच आहेत. तेव्हा तोच दोष त्याच्याही माथी मारावा, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु पेटीची पत्ती पेटीच्या पोटात कोंडलेली, तर याची पत्ती वादकाच्या ओठावर! जबडा किंचित सैल होताच सूर उतरतो आणि अलगद पुन्हा जागेवर येतो. त्यास वर ढकलणे मात्र त्या मानाने फारच थोडे साधते. म्हणून इष्ट सुराकडे खालून सरकत येणे, ही या वाद्याची जातिवंत मींड. जबड्याच्या हलक्या हालचालीने आंदोलन येते. फुंकता फुंकता गळ्यातून गुणगुणले की नाद घोगरा होतो. श्वास सैल सोडला की खर्जात कुजबुज ऐकू येते. गमकावाचून ज्याचे पान हलत नाही, ते कर्नाटक संगीत मंगळूरकडच्या कद्री गोपालनाथांनी (१९४९–२०१९) याच वाद्यावर बसविले. नागस्वर वाजविणाऱ्या पित्याचा हा पुत्र. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडात ऐकलेल्या परक्या वाद्यावर त्याचा जीव जडला.

पण इतके दूर जाण्याचे कारण नाही. कलकत्त्याच्या नेपाळी कुटुंबातील मनोहारी सिंग १९५८ साली मुंबईस आले आणि २०१० साली मृत्यू येईपर्यंत मुंबईचेच राहिले. ‘आराधना’ (१९६९) या बोलपटातील ‘रूप तेरा मस्ताना’ या गीतातील त्यांचे वादन वाचकांनी डोळे मिटून, देखावा विसरून ऐकावे. केरसी लॉर्ड यांच्या अकॉर्डियनशेजारी हा सॅक्सोफोन उंचीची बढाई मारीत नाही. सुरावर थेट न बसता त्याच्या कडेस स्पर्श करतो, आणि गायकाने न उच्चारलेले बोलून मोकळा होतो. ‘काश्मीर की कली’ (१९६४) मधील ‘है दुनिया उसी की’ यात तो रफींच्या आवाजाचा अगदी बरोबरीचा सोबती आहे. ही गाणी मद्याची आणि मोहाची, म्हणून त्यांतील कारागिरी हलकी ठरविणे हा न्याय नव्हे.

उंच सूर त्याज्य आहेत, असे आमचे म्हणणे नाही. जाक इबेर याने १९३५ साली राशरसाठी रचलेल्या कृतीत ते हौसेने योजिले आहेत. आक्षेप आहे तो क्रमावर. मास्टर दीनानाथांच्या अनुकरणकर्त्यांनी त्यांची तारसप्तकातील झेप तेवढी उचलली. त्या झेपेमागचा स्वराचा पक्केपणा उचलावयाचा राहिला, आणि आपल्या रंगभूमीस कित्येक वर्षे नुसता आक्रोश ऐकावा लागला. त्याच काळी बालगंधर्व मध्यसप्तकातल्या एका लहानशा मींडेवर प्रेक्षागृह डोलवीत होते.

हे सारे आम्ही त्या तरुणास जिन्यात गाठून सांगितले. त्याने नम्रपणे ऐकून घेतले. इमारतीच्या सूचनाफलकावर त्याच्याविरुद्ध तक्रारीचा एक कागद लागल्यापासून तो कधी कधी वाद्य घेऊन खाडीकाठी जातो, असे कळले. परवा मात्र संध्याकाळी घरीच होता. वरून एकच खालचा सूर कितीतरी वेळ येत राहिला. मग त्यातूनच, न किंचाळता, त्याचा तारषड्ज फुटला, आणि थोड्या चाचपणीनंतर वरचा पंचमही. गांधार काही लागला नाही. सूचनाफलकावरचा कागद अद्याप तेथेच आहे.